नांदूर मधमेश्वर: पाण्याकाठची बैठक

डिसेंबर-जानेवारीत वर्तमानपत्रात थंडीची बातमी आली, की तिच्यात निफाडचं नाव हमखास असतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर उतरला, द्राक्षबागायतदारांच्या काळजात धस्स झालं, बागांमधून पहाटे शेकोट्या पेटल्या, अशा त्या बातम्या. याच निफाड तालुक्यात, नाशिकपासून सुमारे 40 किलोमीटरवर, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाशी नांदूर मधमेश्वर आहे. तिथे जायचं ते नेमकं या कडाक्याच्या थंडीतच. आपल्याला हुडहुडी भरवणारी ही हवा सायबेरियातून आणि मध्य आशियातून आलेल्या बदकांना चांगली मानवते. त्यांच्याकडची तळी या दिवसांत गोठलेली असतात. त्यांच्या हिशेबी निफाडचा हिवाळा म्हणजे उबदार मुक्काम.

महाराष्ट्रात पक्षी बघायच्या जागांची वाण नाही. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, ठाण्याच्या खाडीत तर ते लाखाच्या घरात जातात, पनवेलजवळ कर्नाळ्याला दाट झाडी आहे, जायकवाडीचा विस्तार नजरेत मावत नाही. तरी हिवाळा आला की माझे पाय नांदूरकडे वळतात. इथे पक्षी बोटीतून किंवा गाडीतून बघायचे नसतात, काठावर बसून बघायचे असतात. आणि पक्षीनिरीक्षणाचा खरा लाभ त्या बसण्यात आहे, असं माझं आता ठाम मत झालं आहे. किती प्रकारचे पक्षी दिसले त्याची यादी घरी जाऊन करता येते. पण कुठेही जायचं नाही, काहीही उरकायचं नाही, समोरच्या पाण्याकडे नुसतं बघत राहायचं, असे दोन तास आपल्या रोजच्या जगण्यात कुठे असतात? ठरवून काढले तरी मन जागेवर राहत नाही. समोर पक्षी असले की ते राहतं.

नाशिकहून पहाटे पाचला निघालं की उजाडायच्या आत पोचता येतं. निफाड मागे टाकलं की दोन्ही बाजूंना द्राक्षबागा लागतात, मग कांद्याची वावरं, मग ऊस. उसामुळे या भागात बिबट्यांचा वावर आहे, त्यामुळे अंधारात गाडी थांबवून पायी भटकायचं धाडस कुणी करू नये. मुंबई-भुसावळ लोहमार्गावर निफाडचं स्थानक आहे. तिथून नांदूर जवळ, पण पहाटे वाहन मिळणं कठीण. अभयारण्यात जायचं ते चापडगावच्या बाजूने. तिथे वनखात्याच्या नाक्यावर तिकीट काढायचं आणि गावातला गाइड बरोबर घ्यायचा. गाइडची सक्ती वाटून लोक कुरकुरतात. मी म्हणेन, आनंदाने घ्या. ही आसपासच्या गावांतली मुलं आहेत. पाणी कुठे उतरलंय, कालपासून कोण नवीन आलंय, कोणत्या बाभळीवर घुबड झोपलेलं असतं, हे त्यांना पाठ असतं. खांद्यावर तिपाई आणि टेलिस्कोप घेऊन ती आपल्यापुढे चालतात.

आता या पाण्याविषयी थोडं. हे तळं निसर्गाने केलेलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश अमदानीत इथे गोदावरीवर दगडी बंधारा बांधला गेला, आणि त्यातून निघालेले उजवा व डावा कालवा कोपरगाव, राहात्याकडच्या शेतीला पाणी देऊ लागले. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला. साठवण घटली, पाणी उथळ झालं आणि मधेमधे गाळाची बेटं वर आली. बेटांवर पाणकणीस माजलं, काठांना बेशरम आणि बाभळी वाढल्या. पाटबंधारे खात्याच्या दृष्टीने हे नुकसानच होतं. पक्ष्यांना मात्र हवं ते सगळं मिळालं: पाय टेकतील एवढं उथळ पाणी, लपायला गवत, खायला गाळातले किडे, शंख-शिंपले आणि पाणवनस्पतींची मुळं. 1986 मध्ये सुमारे 100 चौरस किलोमीटरचा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पक्षीतज्ज्ञ सालिम अलींनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटल्याचं इथली माणसं अभिमानाने सांगतात. पुढे यातल्या 1,437 हेक्टर पाणथळीला रामसर दर्जा मिळाला. इराणमधल्या रामसर गावी 2 फेब्रुवारी 1971 रोजी पाणथळ जागांच्या रक्षणासाठी जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या यादीत महाराष्ट्रातून पहिलं नाव लागलं ते नांदूर मधमेश्वरचं, 2019 साली. लोणार आणि ठाण्याची खाडी त्यानंतर आल्या.

गावात मध्यमेश्वराचं जुनं देऊळ आहे. सुवर्णमृगाची कथाही गावकरी या परिसराशी जोडतात. देवदर्शनाला येणारे आणि पक्षी बघायला येणारे असे दोन वेगळे प्रवाह इथे असतात. रविवारी ते एकत्र येतात आणि मग निरीक्षण मनोऱ्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही. म्हणून शक्यतो आडवारी यावं.

मी आले होते त्या दिवशी मनोऱ्यावर दोन-तीन मोठी कुटुंबं होती. पोरं टेलिस्कोपसाठी भांडत होती, कुणीतरी फोनवर बोलत होतं. कुणाचंच काही चुकत नव्हतं. मुलांना आणायलाच हवं. मी गाइडदादांना म्हटलं, "जरा लांब, जिथे कुणी येत नाही, अशा ठिकाणी घेऊन चला. मला फार प्रकार दाखवू नका. एकाच जागी बसायचंय."

ते हसले. "मग तिकडं बांधावर चला, मॅडम. लोक तिथं थांबत नाहीत. म्हणतात, नुसते वारकरी आहेत."

वारकरी म्हणजे काळाभोर, कपाळावर पांढरा टिळा असलेला पाणपक्षी. काही जण त्याला चांदवा म्हणतात. हिवाळ्यात इथे तो अक्षरशः हजारांनी असतो आणि त्यामुळेच त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. बांधावर एका बाभळीच्या आडोशाला आम्ही बसलो. खाली सतरंजीचा तुकडा, बाजूला चहाचा थर्मास. पाण्यावर धुकं होतं आणि त्यातून फक्त आवाज येत होते.

गाइडदादांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही: "दुर्बीण आत्ताच लावू नका. आधी कानानं ऐका, मग डोळ्यानं बघा. दुर्बीण सगळ्यात शेवटी."

यात नुसता शहाणपणा नाही, अनुभव आहे. माणूस काठावर आला की जवळचे पक्षी गप्प होतात, सरकतात, माना उंच करतात. आपण बसलो, हालचाल थांबवली, की दहा-पंधरा मिनिटांत ते आपला नाद सोडून देतात आणि आपापल्या कामाला लागतात. पक्षी बघायचा तो त्यानंतर. आधीच्या वेळात आपल्याला दिसतो तो आपल्याला घाबरलेला पक्षी. बहुतेक लोक नेमके या दहा मिनिटांतच उठतात आणि पुढच्या जागी जाऊन तिथल्या पक्ष्यांना घाबरवतात.

म्हणून आम्ही ऐकत बसलो. टिटवीचा कलकलाट सगळ्यांच्या वर. त्याच्या खाली वारकऱ्यांचं तुटक ओरडणं. आणखी खाली, पाण्यालगत, एक अखंड बारीक चुबुकचुबुक चाललेली. तो आवाज कशाचा ते मला कळेना. कान त्या एकाच आवाजाकडे लागले आणि सकाळपासून डोक्यात घोळत असलेली कामाची गोष्ट केव्हा निसटली ते समजलंही नाही. हे मुद्दाम केलेलं नव्हतं. आपल्याला काहीतरी ऐकू येतं, ते काय आहे हे कळत नाही, आणि ते कळावं असं मनापासून वाटतं, एवढंच लागतं.

धुकं विरळ झालं तसं दिसलं. थापट्या बदकं होती ती. नराचं डोकं काळपट हिरवं, छाती पांढरी, कुशी तांबूस, आणि चोच पुढे पसरत गेलेली, अंगाच्या मानाने बरीच मोठी. वीस-पंचवीस जणांचा घोळका चोची पाण्याला टेकवून पुढच्याच्या मागोमाग पोहत होता.

"आता भवरा करतील. बघा," गाइडदादा कुजबुजले.

खरोखरच रांगेचं हळूहळू कडं झालं. सगळी बदकं एकाच दिशेला गोल गोल फिरू लागली, चोची न उचलता. पायांच्या मारण्याने तळाचं पाणी ढवळून वर येतं आणि त्याबरोबर बारीक जीव आणि बिया वर येतात. पुढच्याने ढवळलेलं मागच्याला मिळतं आणि कडं असल्यामुळे सगळ्यांच्याच पुढे कुणीतरी असतं. चोचीच्या कडांना आतून बारीक पट्ट्यांची दाट रांग असते. पाणी बाजूने निघून जातं, खाणं आत राहतं, चहाच्या गाळणीत पूड राहावी तसं. दुर्बिणीतून बघितलं तर चोचीच्या कडेने पाणी झिरपताना दिसत होतं. चुबुकचुबुक होती ती त्याची. हे कडं बराच वेळ फिरत राहिलं, मधे मोडलं, दुसरीकडे पुन्हा जमलं. कोण कोणाला सांगतं, कुणाच्या इशाऱ्याने दिशा ठरते, यातलं काही मला उमगलं नाही. पण मी त्यांच्यावरची नजर काढली नाही.

इथे दुर्बिणीविषयी एक गोष्ट सांगते, कारण ती पुस्तकात कमी आणि हातात जास्त कळते. पक्षी बघायला 8 बाय 42 ची दुर्बीण चांगली. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. नवशिके 10 किंवा 12 पटीची घेतात, जास्त दिसेल म्हणून. पण पक्षी जितका मोठा होतो तितकीच हाताची थरथरही मोठी होते. आणि हात थरथरतो तो श्वासाने. घाईने चालत येऊन दुर्बीण लावली तर सगळं पाणी हिंदकळतं. कोपर गुडघ्यांवर टेकवून, श्वास सावकाश सोडत गेलं, की उच्छ्वासाच्या शेवटी एक क्षण चित्र अगदी स्थिर होतं. त्या क्षणात बदकाच्या डोळ्याचं पिवळं बुबुळ दिसतं. पुन्हा ते बघायचं असेल तर पुन्हा तसाच श्वास सोडावा लागतो. अर्ध्या तासाने लक्षात येतं, की आपला श्वास आपोआप संथ झालेला आहे.

याच नाशिक जिल्ह्यात, इगतपुरीला धम्मगिरीवर, माणसं दहा दिवस मौन पाळून श्वासाकडे लक्ष देत बसतात. त्या साधनेची खोली वेगळी आणि तिची बरोबरी पक्षीनिरीक्षणाशी करू नये. पण ज्यांना डोळे मिटून बसलं की विचारांचा गोंगाट वाढतो, अशांनी डोळे उघडे ठेवून बसण्याचा हा मार्ग जरूर करून बघावा. मला तो मानवला.

संशोधनही याच्या बाजूने बोलू लागलं आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजने मोबाइलवरच्या एका अ‍ॅपद्वारे 1,292 लोकांकडून दिवसातून अनेकदा त्यांच्या मनःस्थितीची नोंद घेतली. पक्षी दिसल्याची किंवा ऐकू आल्याची नोंद जिथे होती, तिथे मनाला बरं वाटत असल्याचं आढळलं, आणि हा परिणाम पुढे आठ तासांपर्यंत टिकलेला दिसला. नैराश्याचं निदान झालेल्या लोकांमध्येही तो होता. हे 2022 साली प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी जर्मनीतल्या संशोधकांनी 295 लोकांना सहा मिनिटं वेगवेगळे आवाज ऐकवले. पक्ष्यांचा आवाज ऐकलेल्यांची चिंता आणि संशयी विचार कमी झाले, रहदारीचा आवाज ऐकलेल्यांना उदास वाटू लागलं. रेकॉर्ड केलेल्या आवाजाने एवढं होत असेल तर पाण्याकाठी बसून काय होईल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. मात्र औषध किंवा डॉक्टर यांच्या जागी हे नाही, हे ज्यांना गरज आहे त्यांनी लक्षात ठेवावं.

नऊच्या सुमाराला ऊन तापलं आणि पाणकणसातून जांभळ्या पाणकोंबड्या बाहेर आल्या. निळा-जांभळा रंग, लाल चोच, लाल पाय. या पक्ष्याला जेवताना बघावं. आमच्यापासून जवळच एकीने पाणकणसाचा कोवळा दांडा चोचीने मुळाशी धरून उपटला. मग लांबलचक बोटांच्या पंजात तो पकडला, पंजा वर उचलला, आणि एका पायावर उभं राहून चोचीने साल सोलायला सुरुवात केली. वरची हिरवी पात टाकून दिली, दुसरीही टाकली, आतला पांढरा गाभा तुकडे करून खाल्ला. उरलेला दांडा पाण्यात सोडला आणि पुढचा निवडायला गेली. निवडायला हा शब्द मी विचारपूर्वक वापरते. दोन दांडे तिने धरून सोडले, तिसरा उपटला. माझ्या शेजारून तेवढ्यात तीन छायाचित्रकार आले, भल्यामोठ्या लेन्सा घेऊन. "काय आहे?" त्यांनी विचारलं. "पाणकोंबडी," मी म्हटलं. ते पुढे गेले. त्यांना क्रौंच हवे होते. मला त्यांची हळहळ वाटली. क्रौंच दिसोत त्यांना, पण ही मेजवानी त्यांच्या डोळ्यांसमोर चालली होती.

नंतर सगळं पाणी एकदम उठलं. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी आला होता, तपकिरी, पंख किंचित वर उचललेले, गवतावरून खालून खालून तरंगत. वारकरी उडाले नाहीत. दूरदूर पांगलेले सगळे पोहत एका जागी गोळा झाले, इतके दाटीने की पाणी दिसेनासं झालं. भोवत्याने दोनदा वरून फेरी मारली. गठ्ठ्यातून एक निवडणं त्याला जमेना. तो एखाद्या मागे राहिलेल्याची, जखमीची वाट बघत असतो. तलवार बदकं आणि भुवई बदकं मात्र हवेत गेली आणि वळसा घालून पलीकडच्या बेटामागे उतरली. भोवत्या निघून गेला, गठ्ठा सुटला, आणि मिनिटभरात जो तो खायला लागला. आत्ता जे झालं ते झालं. त्याचं सावट कुणाच्याही वागण्यात उरलेलं नव्हतं.

ही भुवई बदकं, तलवार बदकं, चक्रांग, गडवाल, तरंग यांची कहाणी फार लांबची आहे. ती मध्य आशियाई उड्डाणमार्गाने येतात. आर्क्टिकपासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेला हा मार्ग 30 देशांवरून जातो. ती कुठून येतात हे कळलं ते पायातल्या कड्यांमुळे. 1883 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अलींच्या पुढाकाराने गेल्या शतकात हजारो पक्ष्यांच्या पायांत हलक्या धातूची कडी घातली. कड्यावर क्रमांक आणि मुंबईला कळवा अशी सूचना असे. भरतपूरला कडं घातलेली बदकं पुढे तेव्हाच्या सोव्हिएत संघात सापडली आणि हा प्रवास नकाशावर मांडता आला. दिवस लहान होऊ लागला की त्यांच्या अंगात चरबी साठू लागते आणि ती दक्षिणेकडे निघतात, बरीचशी रात्रीची, तारे आणि पृथ्वीचं चुंबकत्व यांच्या आधाराने. ऑक्टोबरमध्ये इथे आलेली बदकं ओळखणं अवघड असतं, कारण तेव्हा नरांचा पिसारा माद्यांसारखाच मळकट असतो. डिसेंबरपर्यंत नरांना रंग चढतात. तुलना करून शिकायचं असेल तर जानेवारी उत्तम. आशियाई पाणपक्षी गणनाही जानेवारीतच होते, 1987 पासून.

दुपारचं जेवण चापडगावातच, एका घरी सांगून ठेवलेलं. बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा, कांदा. जेवताना घरातले आजोबा पाण्याविषयीच बोलत होते. वरून, गंगापूर आणि दारणा धरणांतून आवर्तन सुटलं की बंधारा भरतो. कालव्यांना पाणी गेलं की उतरतो. पाणी उतरलं की चिखल उघडा पडतो आणि तुतवार, शेकाटे, शराटी यांची चंगळ होते. चढलं की तेच पक्षी शेताकडे पांगतात. "आवर्तन शेताचं, पण हिशेब पाखरांचा बी बदलतो," आजोबा म्हणाले. त्यांनी उसात गेलेलं पाणी आणि द्राक्षाला गेलेलं पाणी यांचाही हिशेब मांडला, तो इथे देत नाही.

पाण्याचं दुखणं वेगळं आहे. ही गोदावरी नाशिक शहर ओलांडून येते आणि शहराचं सांडपाणी बरोबर आणते. त्या खतावर पाणवेल फोफावते, हिरवा जाड थर होतो, खालच्या पाण्यात उजेड जात नाही, प्राणवायू घटतो. मासे कमी होतात आणि त्यांच्यावर जगणारे कोळी आणि पाणकावळे दोघांचीही अडचण होते. बुडी मारणाऱ्या आणि पोहणाऱ्या बदकांना मोकळं पाणी लागतं, ते आक्रसतं. रामसरचा दर्जा म्हणजे एक फलक आणि एक आश्वासन आहे. आश्वासन पाळायचं तर काम नाशिकच्या गटारांपासून सुरू व्हायला हवं, नांदूरच्या काठापासून नव्हे. मी नाशिकला राहणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला हे सांगते, आणि इथेही सांगते.

उन्हं कलल्यावर आम्ही कालव्याच्या कडेने हरभऱ्याच्या शेतांकडे गेलो. तारेवर वेडे राघू, विजेच्या खांबावर नीळकंठ, ढेकळांत चंडोल. सकाळचे छायाचित्रकार तिथेच होते आणि त्यांना क्रौंच मिळाले होते. राखाडी, उंच, शेताच्या दुसऱ्या टोकाला सावध पावलं टाकत. सगळे शेताबाहेरच थांबले होते, कुणी जवळ जायचा हट्ट केला नाही, याचं मला बरं वाटलं. कारण उलटही बरंच बघितलं आहे. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणं, उडतानाचा फोटो हवा म्हणून ढेकूळ मारणं. थव्याने उडणं हे त्यांच्यासाठी साठवलेली चरबी जाळणं असतं आणि परतीच्या हजारो किलोमीटरांसाठी तीच लागणार असते.

ज्यांना प्रथमच जायचं आहे त्यांच्यासाठी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ. नोव्हेंबरात 5 ते 12 या तारखांना राज्यात पक्षी सप्ताह असतो, 5 ला मारुती चितमपल्लींची जयंती आणि 12 ला सालिम अलींची. त्या आठवड्यात कार्यक्रम आणि गर्दी दोन्ही असतात. मातकट किंवा हिरवट कपडे घालावेत. कानटोपी विसरू नये. दुर्बीण नसेल तर गाइडच्या टेलिस्कोपमधून बघता येतं. आवाजावरून पक्षी ओळखणारी अ‍ॅप आता मिळतात आणि ती चांगली आहेत, पण पहिला तासभर फोन पिशवीतच ठेवावा. एक साधी वही मात्र न्यावी, आणि नावाऐवजी आधी पक्षी काय करतोय ते लिहावं: चोच कुठे आहे, मान कशी आहे, कुणाच्या शेजारी आहे. नाव गाइड सांगतीलच. जे आपण स्वतः बघून लिहिलं ते विसरत नाही. आणि ज्यांना नांदूरला येणं जमणार नाही, त्यांना गावातला पाझर तलाव पुरेसा आहे. टिबुकली, ढोकरी, खंड्या, परीट यांच्यापैकी कुणीतरी तिथे असतंच.

निघताना मी गाइडदादांना विचारलं, मार्चनंतर तुम्ही काय करता? तेव्हा बदकं परतलेली असतात, उन्हाने पाणी आटतं, पर्यटक येत नाहीत. ते म्हणाले, शेती. आणि मग स्वतःहूनच म्हणाले, "पण ताई, पावसाळ्यात या एकदा. लोक येत नाहीत. तेव्हा इथली आमची पाखरं बघा."

इथे राहणारे पक्षी पावसाळ्यात घरटी करतात. सुगरणींची घरटी पाण्यावर झुकलेल्या बाभळींना लटकतात. लांब शेपटीच्या कमळपक्ष्यांना ती शेपटी येते ती या दिवसांतच. त्यांच्यात मादी पाणवेलींवर अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते आणि अंडी उबवणं, पिलं सांभाळणं हे सगळं नर करतो. गाइडदादांच्या मते जुलै-ऑगस्टमध्ये, पाऊस दोन दिवस उघडला की, ती पिलं पानांवरून बापाच्या मागे धावताना दिसतात. बंधाऱ्यातून मोठा विसर्ग चालू असेल तर काठाला कुणाला जाऊ देत नाहीत, म्हणून आधी फोन करून यायचं. बांधाची वाट चिखलाने निसरडी होते, म्हणून गमबूट हवेत. मी त्यांचा नंबर घेऊन ठेवला आहे.